सहाशे बारातला सर्वोत्तम फोटो

...नाई, पन मले एक सांगा, आहेराचे फोटो सारखेच राह्यते का नाई? नवरा तोच, नवरी तीच, मागचा पडदा तोच, अन् हासू बी तेच, चार घंटे चिपकवून ठेवलेलं! बदलते कोन, तं बाजूचा पाहुना! आता हे शेंबड्या पोट्ट्याले बी समजते, पन त्या एआय एजंटले कोन सांगन? मीनं नाई सांगतलं, चूक माई हाय, मान्य! म्हनून तं गावभर सांगत फिरून राह्यलो, सारं करू द्या, पन डिलीट करू देऊ नोका!

मी प्रेमदास. सिंदी रेल्वे गावाले माहा फोटो स्टुडिओ हाय, वीस वर्सं झाले. कॉम्प्युटर भरला म्हनून हा एजंट बसवला. हा नुसता बोलत नाई बरं, सोताच कामं करते! सुरुवातीले त्यानं विचारलं बापा, 'फोटो पाहू का? हलवू का? कायमचे पुसू का?' आपन असं कधी वाचतो का हो? टिक, टिक, टिक! अन् गेलो जेवाले.

वापस येतो तं काय! 'नमस्कार प्रेमदासजी! हिंगणी येथील विवाहात सहाशे बारा सारखे फोटो आढळले. त्यांपैकी सर्वोत्तम एक ठेवला आहे.' अन् सर्वोत्तम कोनता, तं ज्याच्यात पाहुनाच नाई! तो चपला पाहाले खाली उतरला होता! म्हटलं लेका, कचरापेटीतून आन बाकीचे. तं म्हनते, 'कचरापेटीही रिकामी केली आहे. धन्यवाद!' धन्यवाद? अबे कायचा धन्यवाद? कॅमेऱ्याचं कार्ड बी मीनं पुसून, त्याच्यावर देवळीचं लग्न काढलेलं! सारं करू द्या भाऊ, पन डिलीट करू देऊ नोका!

नवरीचे वडील आले, वासुदेवराव. वाटलं, आता शिव्या पडते. पन ते खुर्चीवर बसले अन् हळूच म्हने, 'प्रेमदास, पाहुन्यायले परत उभं करता येईन. पन मायले कुठून आनू? पंधरा दिवस झाले तिले जाऊन. जल्मात कधी फोटो काढू देल्ला नाई, नातीच्या, अंकिताच्या आहेराले तेवढी स्टेजवर चढली...' लाज वाटली हो, खरंच लाज वाटली.

मंग फिरलो हिंगणीत घरोघर. 'फोन दाखवा, नवरीची आजी आनंदाबाई हाय का त्याच्यात?' कोनाजवळ जिलेबीचा फोटो, कोनाजवळ सोताचाच, एकीनं तं नुसते नवरीच्या पाटल्याच काढलेल्या! शेवटी मंडपवाला तानबा. त्यानं आपली लायटिंग दाखवाले व्हिडिओ काढलेला, अन् त्याच्यात आजी! ब्लाउज पीस देऊन, नातीचा गाल ओढून राह्यली! वासुदेवरावनं तेवढंच दहा खेपा पाह्यलं. त्याचाच फोटो काढून, फ्रेम करून घरी नेऊन देल्ला.

पन आता कसं, प्रेमदास पक्का झाला! एजंटले सांगतलं, तू पाह्य, लाव, पन जे काढाचं वाटते ते बाजूच्या फोल्डरमधी ठेव. पुसाची परवानगी बंद! अन् पुसाचा पासवर्ड माह्याजवळ बी नाई, माहं बोट बी लय चपळ हाय नं! तो देल्ला बायकोले, अन्नपूर्णेले. तिनंच बनवला, तिलेच ठाऊक. हाय का नाई डोकं? सारं करू द्या, पन डिलीट करू देऊ नोका!

आता तीन महिने झाले. कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरला. म्हटलं, 'अवो, पासवर्ड टाक, डोळे मिटलेले फोटो हाय, पुसतो.' तं एकेक पाहात बसली, अन् म्हने, 'राहू द्या नं. कवा काय कामी पडते, सांगता येते का?' डोळे मिटलेला फोटो! कोनाच्या कामी पडन हो? एजंट बी रोज विचारते, 'पुसू का?' मी म्हनतो, 'मले नोको विचारू बाबा, बाईले विचार.'

काय करता... नवी हार्ड डिस्क आनली. तं बाईनं तिचा खोका बी फेकू नाई देल्ला!