मातीत मिसळणारा शर्ट

आमच्या सुधीरसमोर आता नायलॉनचं नाव काढायची सोय राहिली नाही, बरं का! माझा हा धाकटा भाऊ यंदा धानाच्या रोवणीत पुण्याहून अर्जुनीला आला, तो सेंद्रिय कापसाचा, बिनरंगाचा, चुरगळलेला शर्ट घालून. जेवता जेवता त्यानं मायच्या साडीवर प्रवचनच झोडलं. "तुझं हे नायलॉन वर्षानुवर्षं सडत नाही. माझा शर्ट मात्र शेवटी मातीत मिसळून जातो."

माय त्याच्या ताटात भात वाढत होती.

दुसऱ्या दिवशी दोरीवर वाळत घातलेला शर्ट गायब. संध्याकाळी माय धानाच्या बांधीतून परतली, तर साडीवर तोच शर्ट, गळ्यापर्यंत चिखलानं माखलेला. आमच्याकडं बाया रोवणीला घरातला टाकाऊ शर्ट साडीवर चढवतात, आणि याच्याइतका टाकाऊ दिसणारा शर्ट घरात दुसरा नव्हता.

सुधीर पुणेरी भाषा विसरून ओरडला, "काऊन घातला वं माय माहा शर्ट?"

"बोंबलून कायले राहिला? दिवसभर चिखलात घोळला, तरी मातीत काही मिसळला नाही. दुकानदारानं तुले फसवलं, बाबू!"