सात नंबरच्या जागेवरची बंदूक

—नाही, 'बंदुकीत दोष सापडला नाही' हे उत्तर घेऊन मी घरी जाणार नाही, सोल्वेग. सापडला नाही म्हणजे नीट शोधला नाहीस. तुझा बाप या दुकानात बसायचा तेव्हा तो आधी मला शिव्या द्यायचा आणि मग दोष शोधून काढायचा. आणि ओरडून बोलू नकोस, ऐकू येण्याची यंत्रं बसवलीत माझ्या दोन्ही कानांत — तू चमचा ठेवलास तरी पत्रा पडल्यासारखा वाजतो. कॉफी दे. अर्धाच कप.

हे बघ काडतूस. गेल्या सप्टेंबरपासून रुमालात बांधून ठेवलंय, पुरावा म्हणून. बुडावर खूण दिसते? डास चावल्याएवढी. बंदुकीची पिन नीट आपटली असती तर चांगला खड्डा पडला असता. समोर मूस हरीण — नर, ही एवढी शिंगं — साठ पावलांवर आडवा उभा, मी चाप ओढला आणि टक. एवढंच. त्यानं माझ्याकडे बघितलं, कान हलवले आणि गेला डुलत डुलत आमच्या शिकारीच्या टोळीतल्या इंगेमारच्या जागेकडे. इंगेमारनं पाडला आणि आठवडाभर तेच पुराण लावलं. त्याच्या आधीच्या सप्टेंबरलाही तसंच — टक. आता हे एकदा झालं असतं तर मी नशीब म्हटलं असतं. दोनदा झालं म्हणजे कोणीतरी हात लावलाय. कोणी लावला? सांगतो की.

स्टेलाननं. माझ्या जावयानं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आला, म्हणाला, 'एवाल्ड, द्या बंदूक, साफ करून तेल देतो.' मी दिली. आपलाच माणूस म्हणून दिली. आणि त्याच सप्टेंबरपासून हे सुरू — आता तूच सांग, मी काय समजायचं? रानात शिकारीला बसायची सात नंबरची जागा माझी आहे, एकतीस वर्षं. बाकीचे सगळे टोपीतून चिठ्ठ्या काढतात, सातची चिठ्ठी टोपीत टाकतच नाहीत. पण लागोपाठ तीन हंगाम जो हात हलवत परत आला त्यानं बंदूक ठेवायची आणि मांस कापायला बसायचं — टोळीचा नियम आहे, मीच केलेला, दुसऱ्या कोणासाठी तरी. हा तिसरा हंगाम. सोमवारी सुरू होतोय. मग सात नंबर कोणाला मिळणार? जावयालाच की. बघ बाई. सरळ हिशोब आहे.

तर मी बोललो त्याला. मागच्या वर्षी, शेकोटीपाशी, सगळे कॉफी पीत बसले होते तिथेच — म्हटलं, पिन घासलीस तू माझी. तो काही बोलला नाही. कपातली कॉफी गवतावर ओतली, कुत्रीला शीळ घातली आणि गेला. टोळीच सोडली. म्हणजे बघ, चोराच्या मनात चांदणं — निर्दोष माणूस असता तर भांडला असता की नाही? आणि गुनेल... पोटची पोर, पण तिनं नवऱ्याची बाजू घेतली, तेव्हापासून रविवारची येत नाही. न येईना. मी आपला दालचिनीचे पाव आणतो, तीन कप मांडतो, मग दोन उचलून — ते जाऊ दे, ते कशाला सांगतोय मी तुला.

तूसुद्धा स्टेलानच्याच वर्गात होतीस ना? एका बाकावर? मग. मला सगळं कळतं.

काय आहे ते? माझी जुनी पिन? नव्या पिनेशेजारी ठेवून काय दाखवतेस — सारखीच लांब आहे, बरं. घासलेली नाही. बरं. मग हिवाळ्यात बदललीस कशाला? मी बदलायला लावली म्हणून? हो, लावली. स्प्रिंगही बदलायला लावली. आणि चांदमारीवर चाळीस गोळ्या झाडल्या मी स्वतः, धाडधाड, एक अडकली नाही. पण चांदमारीवर ती कधीच अडकत नव्हती, तीच तर गंमत आहे — रानात गेली की नाटकं. हे सेमी-ऑटोमॅटिक जनावर माझ्या लग्नाइतकं जुनं, कधी दगा दिला नाही, आणि आता लोक माझ्या पाठीमागे म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. मला येतं ऐकू आता.

भरून दाखवू? आत्ता? हे खोटं काडतूस ना — नक्की? बरं. तर मी जागेवर येतो, बसतो, मॅगझिन लावतो, हा वरचा सरकता बोल्ट मागे ओढतो आणि पुढे नेतो, असा — हातानं धरून, सावकाश, झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवतात तसा. सोडून द्यायचा? वेडी का काय तू, खण्णकन वाजतो, नदीपलीकडचा मूस उठून पळेल. चांदमारीवर देतो सोडून, तिथे कानांवर टोप्या असतात, कोण ऐकतंय. पूर्वी? पूर्वी रानातही सोडूनच द्यायचो की. मग हळू लावायला कधीपासून... कधीपासून म्हणजे, आवाज फार होतो ना. गुनेलनं मला ऑस्टरसुंडला कानाच्या डॉक्टरकडे नेलं, ही यंत्रं बसवली, त्यानंतर पहिल्यांदा जागेवर बोल्ट सोडला तर मीच दचकलो. म्हटलं, बाप रे, इतकी वर्षं एवढा आवाज करत होतो मी? तेव्हापासून हळू. म्हणजे आता दोन वर्षं... दोन वर्षं होतील.

कुठे? इथे? दिवा इकडे घे. फट आहे. नखाएवढी. बोल्ट पूर्ण बसलाच नाही, म्हणजे चाप ओढला की आतल्या हातोडीचा सगळा जोर बोल्टला पुढे ढकलण्यातच जाणार, पिनेपर्यंत काय पोचणार — हो, कळलं, कळलं. मला नको शिकवू.

थांब. ही कानातली यंत्रं काढून ठेवतो बशीत, दोन्ही. आता सोडतो. — सोडला ना मी? बसला? काहीच ऐकू आलं नाही. नुसता हाताला धक्का. मूस तेच होते, इतकी वर्षं हा आवाज होऊनही यायचे, तसेच येत होते.

तू काही बोलू नकोस, मला ऐकू येणार नाही. मीच सांगतो. तो काही बोलला नाही म्हटलं ना मी, शेकोटीपाशी? बोलला होता. 'एवाल्ड, तुम्ही भरता कशी ते एकदा बघू द्या मला,' एवढंच म्हणाला. आणि मी दुसरीकडे बघत बसलो. ऐकलं होतं मी सोल्वेग. यंत्रं होती की कानांत.

बंदूक राहू दे इथेच. सोमवारचं सोमवारी बघू. ती बशी सरकव इकडे, यंत्रं घालतो — स्टेलानकडे जातोय, तो काय म्हणेल ते सगळं ऐकून घ्यायला लागेल. तू नको येऊस दारापर्यंत. बस. कॉफी पी तुझी.