हाफ क्लच

मेकॅनिक : तिथेच थांबा ताई, खाली तेल सांडलंय. मी बाहेर आणून दाखवतो. ही बघा तुमच्या गाडीची क्लच प्लेट.

ताई : एवढीशीच असते?

मेकॅनिक : एवढीशीच. आणि ही नवी, शेजारी धरतो. हिच्यावर जाड थर दिसतोय ना, तो तुमच्या प्लेटवर उरलेलाच नाही. रिव्हेट उघडे पडलेत. म्हणून चढावर इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी जागची हलत नव्हती.

ताई : वासही येत होता. मला वाटलं, कुणीतरी कचरा पेटवलाय.

मेकॅनिक : तो हिचाच वास. ताई, एक विचारू? राग नका मानू.

ताई : विचारा की.

मेकॅनिक : गाडी जुनी आहे, कबूल. पण क्लच जुना नव्हता. साहेब होते तेव्हा मीच बदलला होता. नीट चालवली तर लाखभर किलोमीटर सहज जातो. इथे त्याच्या निम्मंही झालेलं नाही. दुसऱ्या कुणाला चालवायला देता का?

ताई : कुणाला देणार? घरात मी एकटी.

मेकॅनिक : मग क्लचवर पाय ठेवूनच चालवता का? नवशिके ठेवतात तसा?

ताई : नवशिकीच मी. हे गेल्यावर शिकले. तोवर शेजारी बसून 'अहो, पुढे खड्डा आहे' म्हणायचं खातं माझ्याकडे होतं. पण पायाचं म्हणाल, तर शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. गिअर पडला की पाय बाजूला. मी पाळते ते.

मेकॅनिक : मग गाडी जाते तरी कुठे?

ताई : गावातच. बाजाराच्या रस्त्यानं जायचं, शाळेच्या चौकातून वळायचं, आणि पुन्हा बाजाराच्या रस्त्यानं यायचं.

मेकॅनिक : त्या रस्त्यानं? अहो, तिथे मुंगीच्या पावलांनी सरकावं लागतं. थांबा, सरका, परत थांबा. अख्खा रस्ता हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबूनच. कुठलाही क्लच जळेल. तुमच्या घरामागून बायपास जातो की. वाऱ्यासारखी जाईल गाडी.

ताई : माहीत आहे.

मेकॅनिक : मग?

ताई : बायपासला कोण असतं?

मेकॅनिक : कुणीच नसतं. तेच तर म्हणतोय मी.

ताई : मीही तेच म्हणतेय.

मेकॅनिक : ...बसा ताई. ते स्टूल पुसलेलं आहे.

ताई : मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. दिवसभर कानात माणसं. घरी आले की म्हणायचे, घटकाभर कुणी बोलू नका माझ्याशी. हे बिचारे पेपरसुद्धा आवाज न करता उलटायचे. आता स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी बरं वाटतं.

मेकॅनिक : म्हणून बाजार.

ताई : गाडी अडकली की कुणीतरी काचेवर टकटक करतं. 'जरा मागे घेता का' म्हणतं. टेम्पोवाला ओरडतो, 'मावशी, झोपलात का?' परवा दोन पोरी माझ्या काचेत बघून केस सारखे करत होत्या. आत मी आहे हे लक्षात आलं तेव्हा इतक्या लाजल्या. घरी बसून हे कुठून मिळायचं?

मेकॅनिक : खाली उतरत नाही? काही घ्यायला?

ताई : आधी उतरायचे. पण एकट्या जिवाला लागतं किती? भाजीची जुडी आणली तर अर्धी सुकून जाते. मग भाजीवाल्याशी बोलायचं म्हणून भाजी किती दिवस आणणार?

मेकॅनिक : ताई, मग मलाही एक सांगायलाच हवं. सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला होता.

ताई : तुम्हाला?

मेकॅनिक : हो. म्हणाले, आईला सांगा गाडी दुरुस्तीपलीकडे गेलीय, पार्ट मिळत नाहीत. भंगारात काढायला लावा.

ताई : तुम्ही काय म्हणालात?

मेकॅनिक : बघतो म्हणालो. नाही म्हणायला जीभ रेटेना, त्यांचा आवाज रडवेला होता. पण तुमच्या तोंडावर खोटं बोलवत नाही. गाडी ठणठणीत आहे. क्लच बदलला की खुशाल चालवा.

ताई : थांबा, लावतेच त्याला. ...हॅलो. अरे, मी गॅरेजमध्ये आहे. फोन स्पीकरवर आहे, हे मेकॅनिकही ऐकताहेत. माझी गाडी भंगारात का काढायचीय तुला?

मुलगा : आई... सांगितलं वाटतं त्यांनी.

ताई : त्यांना काही बोलू नकोस. मला सांग.

मुलगा : खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला होता. म्हणाल्या, तुझी आई रोज दुपारी गाडी काढते ती तिन्हीसांजेला परत येते. हातात एक पिशवी नाही. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणते, सहज. आई, मला वाटलं तू रस्ता विसरतेस. घर शोधत फिरत असतेस. झोप उडालीय माझी.

ताई : डोकं शाबूत आहे माझं.

मुलगा : मग जातेस कुठे?

ताई : गर्दीत.

मुलगा : गर्दीत काय आहे?

ताई : गर्दीच आहे, बाळा.

मुलगा : मी रोज फोन करतो ना तुला? रोज विचारतो, बरी आहेस ना. तूच म्हणतेस, मजेत आहे.

ताई : तू फोन करतोस तेव्हा मी मजेतच असते. ते काही खोटं नाही. फोन ठेवला की मग पुढचा दिवस असतो.

मुलगा : आधी का नाही बोललीस?

ताई : बोलून काय होणार होतं? तुला इकडे येणं जमायचं नाही, आणि तिकडे माझा जीव रमला नाही, ते आपण करून बघितलंय. उगाच तुझ्या जिवाला घोर.

मुलगा : दादा, आहात का तिथे?

मेकॅनिक : आहे, बोला.

मुलगा : सकाळचं विसरा. क्लच बसवा, चांगल्यातला बसवा. आणि आई, सावकाश चालव.

ताई : त्याहून सावकाश चालवता येत नाही रे.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. नवा क्लच बसलाय. ताई गाडी चालवून बघताहेत, मेकॅनिक शेजारी.)

मेकॅनिक : तुमच्या पायाला जुन्या क्लचची सवय आहे. हा जरा सोडला की लगेच पकडेल. हं, पडली बंद. पडू द्या. परत चालू करा.

ताई : मागचे हॉर्न देताहेत.

मेकॅनिक : देऊ द्या, हॉर्न त्यांचाच झिजेल.

ताई : कुठून नेऊ?

मेकॅनिक : बाजारातून. नवा क्लच आधी गावातच, थांबत सरकत चालवायचा, म्हणजे नीट बसतो.

ताई : हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय.

मेकॅनिक : नाही हो, खरंच तसं असतं. फक्त गाड्या थांबल्या की न्यूट्रल करा आणि पाय काढून घ्या. चढावर हँडब्रेक ओढा. गर्दी तेवढीच मिळेल, क्लच जास्त टिकेल. आणि ताई, गाडी बिघडल्याशिवाय गॅरेजला आलात तरी चालतं. ठोकाठोकीचा आवाज दिवसभर असतो आमच्याकडे.

ताई : येईन. ...हा बघा शाळेचा चौक. तो शिट्टीवाला दिसतोय? पोरांना रस्ता ओलांडून देतो तो?

मेकॅनिक : ओळखीचा आहे?

ताई : नाव माहीत नाही. बोललोही नाही कधी. मी इथून जाताना हात करतो. मीही करते.

मेकॅनिक : मग करा की. समोरच आहे.

ताई : केला.

मेकॅनिक : त्यानं बघितलं इकडे. हात नाही केला.

ताई : शेजारी तुम्ही बसलाय ना. त्याला वाटलं असेल, ही दुसरीच कुणीतरी बाई.