कार्यवाहक बाई

आदरणीय अध्यक्ष, आमचे शाळा-निरीक्षक दिवाकरराव साहेब, मंचावरची पाहुणे मंडळी, आज जिथे बसवलंय तिथे कसंनुसं होऊन बसलेल्या आमच्या कुमुदिनीबाई, त्यांचे सासरे शंकरराव, सहकारी भगिनींनो, आणि सकाळपासून रडून नाकं लाल केलेल्या मुलींनो,

मी लष्करची, म्हणजे शिंद्यांच्या ग्वाल्हेरची. ग्वाल्हेरचं माणूस इंदूरच्या सभेत उभं राहिलं की पहिल्या रांगेत खाकरणं होतंच. खाकरून घ्या. मला आज एकाच शब्दाबद्दल बोलायचंय: कार्यवाहक. काल सरकारी हुकूम आला. बाई 'सहायक शिक्षिका' म्हणून निवृत्त होताहेत. ज्या बाईंनी पाच वर्षं ही शाळा चालवली, त्यांनी घरी जायचं ते कोण म्हणून?

कार्यवाहक म्हणजे काय हो? होळकरशाहीत एवजी म्हणत, साहेबी कागदात ऑफिशिएटिंग. काम सगळं करायचं, बोलणी सगळी खायची, आणि खरा मालक आला की उठायचं. पंगतीत वाढणारी बाई सगळ्यांना आग्रह करते, पण तिचं पान कुणी मांडलेलं असतं का?

होळकर-शिंद्यांची संस्थानं मिळून मध्यभारत राज्य झालं तेव्हा जुन्या मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या आणि बाईंना हिंदीत हुकूम मिळाला, 'कार्यवाहक प्रधानाध्यापिका'. शंकरराव दरबारात नोकरी केलेले. त्यांना वाटलं, एवढं लांबलचक पद म्हणजे प्रधानाध्यापिकेच्याही वरचं असणार! अख्ख्या छत्रीबाग मोहल्ल्यात पेढे वाटले. शंकरराव, हसताय काय, खरं आहे ना? बाईंनी त्यांना खरा अर्थ सांगितलाच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "अगं, पेढे वाटून झाले होते. म्हाताऱ्या माणसाचं तोंड कडू कशाला करायचं?"

मग दोन्ही दरबारांच्या नोकरांची बढतीसाठी एक जंत्री झाली, तीत माझं नाव वर लागलं आणि मी कायम मुख्याध्यापिका होऊन इथे आले. खरं सांगते, वाटलं, आता ही इंदूरची बाई मला सोलून खाणार. बाई खुर्चीवरून उठल्या, म्हणाल्या, "बसा. वरचा पंखा खडखडतो, घाबरू नका, पडत नाही." मग मला वर्गावर्गांतून फिरवलं. "मुलींनो, या तुमच्या मोठ्या बाई." चौथीतली एक चिमुरडी म्हणाली, "मग तुम्ही कोण?" बाई म्हणाल्या, "मी गणिताची बाई. चल, पाटी काढ."

त्या दिवशी घरी जाऊन मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

गेल्या वर्षी मी गुपचूप बदलीचा अर्ज टाकला. माझी जागा रिकामी झाली तर बाई निदान शेवटचं वर्ष कायम होतील. पण इंदुरात काही गुपचूप राहतं का, तुमच्याच बोलीत सांगायचं तर, भिया! बाई तरातरा माझ्या घरी आल्या.

"भानुमती, आजारी आईला घेऊन मंदसौरला जाणार तू? तिला तिथे कोण बघणार?"

"पण बाई, ही जागा तुमची होती."

"जागा सरकारची. पोरी शिकल्या ना? बस, हो गया. माझं डोकं खाऊ नकोस."

आणि दुसऱ्या दिवशी थेट साहेबांकडे जाऊन उभ्या राहिल्या, "साहेब, ही मुलगी वेडी आहे. हिचा अर्ज परत द्या." साहेब, मान हलवताय म्हणजे आठवतंय. माझी आई तिथे मागे बसली आहे. ती आज चालत इथवर आली ती इथल्या डॉक्टरांमुळे, आणि या बाईंमुळे. मला बाईंवर माया आहे, फार माया आहे. हे चारचौघांत म्हणायचं राहून गेलं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या शाळेची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सहायक बाई निवृत्त झाल्या की त्यांचा वर्ग त्यांना फाटकापर्यंत पोचवतो. मोठ्या बाई निघाल्या तर सगळी शाळा त्यांच्याबरोबर पायी घरापर्यंत जाते. मुली कालपासून मला विचारताहेत, "आम्ही कुठपर्यंत जायचं?" हुकूम बदलणं माझ्या हातात नाही. पुढच्या महिन्यात तर मध्यभारतच उरणार नाही, दाद कुणाकडे मागणार?

पण रजा माझ्या हातात आहे. मी आज रजेवर आहे. साहेबांनी काल मंजूर केली, कारण विचारलं नाही, त्यांचे उपकार. मुख्याध्यापिका रजेवर असली की कारभार सर्वांत जुन्या शिक्षिकेकडे जातो, हा सरकारी नियम. म्हणजे आज सकाळपासून या शाळेच्या मुख्याध्यापिका कोण? बाई, मान हलवू नका. पुन्हा कार्यवाहकच, काय करू, माझ्या हाती तेवढंच होतं.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि पहाटे उठून हार गुंफणाऱ्या मुलींचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. रागावायचंच असेल तर रजेवरच्या बाईवर रागावून उपयोग नाही, कारभार आज दुसरीकडे आहे.

मुलींनो, चपला घाला. पहिलीपासून सगळ्या वर्गांनी. मोठ्या बाई घरी निघाल्यात.