डमीला एक प्रश्न विचारता येतो

नाही काका, बाबांच्या नावापुढचा 'मुद्दाम' हा शब्द खोडा, मग मी उठतो – पंच तुम्ही होतात, ब्रिजच्या टेबलाशी तुम्हाला बोलावलं होतं, आणि हा अर्ज लिहिलाय कुणी? जजसाहेबांनी. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, निकाल द्यायची खाज काही जात नाही माणसाची. हातात बदाम असताना बाबांनी बदामावर हुकूम मारला – चूक. पुढचा हात खेळला गेला, चूक पक्की झाली, आम्ही जिंकलेले दोन हात तुम्ही जजसाहेबांच्या जोडीला दिलेत. मिटलं की. महिन्यात तिसऱ्यांदा झालं, मान्य – पण म्हणून पाच वाजता कमिटी बसवून क्लबातून काढायचं? आई गेल्यापासून हे एक टेबल उरलंय त्यांना. तेही काढून घेतलंत तर काय भिंतीशी खेळायचं त्यांनी?

मी समोरच होतो हो – बाबांचा भिडू, म्हणजे डमी मीच. पानं उघडी मांडायची आणि तोंड मिटून बसायचं, माहीत आहे – पण एक प्रश्न विचारता येतो ना डमीला? 'बदाम नाही?' – दोन शब्द. तेव्हाच विचारलं असतं तर पान परत घेतलं असतं, दंड नाही, काही नाही. – बदाम होता हे मला कसं माहीत म्हणता? माहीत होतं. हातात पाच बदाम आहेत असं त्यांनी बोलीतच सांगितलं होतं, त्यांतले पडले होते तीन. कॉलेज सोडलं म्हणून मोजायचं नाही सोडलं मी.

मग गप्प का बसलो – असं बघू नका, सांगतो. त्या दिवशी इथला जिना चढताना म्हणाले, "परीक्षा कधी आहे रे तुझी?" कॉलेज सोडून दोन वर्षं झाली काका. सोडलं तेव्हा याच हॉलमध्ये, सगळ्यांदेखत म्हणाले होते, पोरानं नाक कापलं माझं. मला वाटलं, पुन्हा टोमणा. म्हटलं, होऊ दे यांचीही शोभा चारचौघांत, कळू दे कसं वाटतं – म्हणून नाही विचारलं. आणि काल सकाळी दाढी करता करता पुन्हा तेच. आरशातून माझ्याकडे बघत, गालाला फेस, छान हसून – "हॉल तिकीट आलं का?" टोमणा नव्हताच हो तो.

तेव्हा लिहा – डमी मुद्दाम गप्प बसला. त्या शब्दाला माझं नाव लावा आणि त्यांना खेळू द्या. – काय? विचारलंच पाहिजे असं बंधन नाही डमीवर? मग डोंबलाचं तुमचं नियमांचं पुस्तक – चुकीच्या पानाला दंड, आणि बघत बसणाऱ्याला –

थांबा. जिन्यावर बाबांचीच पावलं आहेत. अर्ज पालथा घाला. आणि ऐका, ते सांगतील तुम्हाला, पोरगा इंजिनिअर होतोय, शेवटचं वर्ष आहे – हो म्हणा. नुसतं हो म्हणा.