एकही घटस्फोट नसलेलं गाव

घटस्फोटाच्या आकडेवारीचं मला सांगू नका, ती गोळा करत मीच हिंडलेय. कॉलेजच्या पाहणीसाठी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीजवळच्या एका गावात गेले होते. लग्न कितव्या वर्षी झालं, शिक्षण किती, नवरा दारू पितो का, असं विचारायचं. संसार कशानं मोडतात, ते आम्हाला शोधायचं होतं.

एका घरी सुनंदाताई भेटल्या. माहेरीच राहायच्या.

"नवरा कुठं असतो?"

"पुण्याला. दुसरी केली त्यानं. नऊ वर्षं झाली."

"मग घटस्फोट झाला?"

"न्हाय. कोर्टात कोण जातंय?"

फॉर्मवर विवाहित, विधवा आणि घटस्फोटित एवढ्याच चौकटी होत्या. मी पेन धरून बसले. त्यांनी आतल्या खोलीकडं बघितलं. त्यांची आई तिथं ज्वारी निवडत सगळं ऐकत होती.

"विवाहितच लिवा," त्या हळूच म्हणाल्या. "आईला वाटतं, अजून न्यायला येईल तो."

मी तसंच लिहिलं. त्या गावात अशा आणखी तिघी भेटल्या. त्यांचंही तेच लिहिलं.

महिन्याभरानं धाराशिवला कॉलेजात सगळ्यांपुढं अहवाल वाचताना आमचे सर खूश झाले. म्हणाले, "हे गाव बघा, एकही घटस्फोट नाही. इथल्या बायका संसार टिकवतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या.