निळ्या पिंपांचा धंदा

जबाब देणार: रूपाली प्रफुल्ल सावे, वय ३६ वर्षे, व्यवसाय: एका सामाजिक संस्थेत शिकवणे, राहणार: केळवे, तालुका व जिल्हा पालघर.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती, सासूबाई व मुलासह राहते. सासूबाई शनिवार-रविवारी किनाऱ्यावर मुंबईच्या पाहुण्यांना शहाळी विकतात. मी बेटेगावजवळच्या एका पाड्यावर, समाजमंदिरात, आठवी-नववीच्या मुलांचा दर शनिवारी वर्ग घेते. छोटा धंदा कसा आखायचा व कसा सुरू करायचा, हा त्या वर्गाचा विषय आहे. गिऱ्हाईकाला काय हवे ते आधी विचारायचे, माल कोठून घ्यायचा ते पाहायचे, दर ठरवायचा आणि दिलेला शब्द पाळायचा, असे मी शिकवते. वर्षाच्या शेवटी मुलांनी गटाने एक खरा धंदा करून दाखवायचा असतो.

वर्गात मंगळी जिव्या वरठा ही नववीतील मुलगी आहे. तिचे आईवडील पावसावरची थोडी शेती करतात व दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मंगळीही त्यांच्याबरोबर जाते व पावसाच्या तोंडावर परत येते. त्यामुळे ती दोनदा एकाच वर्गात बसली आहे. तिच्या गटात लाडकी बेंडगा यांची मुलगी दीपिका, वय १३, ही होती. दीपिका फार बोलत नसे. ती मंगळीच्या मागे मागे असे.

गेल्या वर्षी गणपतीनंतर मी मुलांना बोईसरला कामगारांच्या चाळींमध्ये नेले व लोकांना काय लागते ते विचारून या, असे सांगितले. इतर गटांनी वडापाव, आकाशकंदील, मोबाइलची कव्हरे असे लिहून आणले. मंगळी म्हणाली, "मॅडम, त्यांना पाणी साठवायला पिंप पायजे हाय. नळाला पाणी कवा येल त्याचा भरोसा नाय. दुकानातला पिंप त्यांना परवडत नाय. आमी जुना घेऊ, धुऊ, झाकण लावून देऊ." मला तिचे कौतुक वाटले व मी तिला वर्गापुढे उभे करून ते पुन्हा सांगायला लावले. कारखान्याचे पिंप घ्यायचे नाहीत, त्यात रसायने असतात, हेही मी त्याच वेळी सांगितले होते.

मुलांनी भंगारवाल्यांकडे दर विचारले. त्यानंतरच्या शनिवारी एक इसम मोटारसायकलवरून वर्गावर आला. वय अंदाजे ४०, अंगाने सडपातळ, पांढरा शर्ट. सगळे त्याला चिराग शेठ म्हणतात. त्याचे पूर्ण नाव मला माहीत नाही. पाड्यावर विचारले, तेथेही कोणाला माहीत नाही. त्याने मुलांसाठी बिस्किटे आणली होती. मी खुर्ची दिली, ती न घेता तो मुलांमध्ये खाली बसला व म्हणाला, "मी शिकवायला नाही, शिकायला आलोय." त्याने मंगळीला पिंपाबद्दल बरेच विचारले. मग मला म्हणाला, "सरबताच्या इसेन्सचे पिंप माझ्याकडे येतात. खाण्याचा माल. मुलांना उधारीवर देतो, विकले की पैसे द्या." त्याने नमुन्याला एक निळे पिंप आणून दाखवले. मी आत वाकून वास घेतला. गोडसर वास होता. बाहेरून कागद खरवडून काढलेला दिसला. त्याबद्दल विचारले असता तो म्हणाला, "कंपनीचं नाव दिसलं की दुसरे व्यापारी तिथे पोचतात, मॅडम. धंदाच आहे." हे मुलांनाही पटले. मी परवानगी दिली.

पहिली पिंपे मुलांनी समाजमंदिरामागे, बोअरिंगच्या पाण्याने माझ्यासमोर धुतली. ती आठवड्याभरात विकली गेली. मंगळी चाळीत दारोदार जाऊन बोलायची. "काकी, खराब निघाला तर बदलून देऊ," असे ती प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत असे. हे मी शिकवलेले नव्हते, ते तिचे तिने ठरवले होते. दिवाळीनंतर भट्टीवर मजूर नेणारा मुकादम पाड्यावर आला तेव्हा तिचे वडील जिव्या यांनी त्याला परत पाठवले. चिराग शेठने जिव्या व त्यांच्या पत्नीला आपल्या गोडाऊनवर काम दिले होते. पाड्यावरची आणखी काही घरे भट्टीवर न जाता थांबली. त्या वर्षी प्रथमच माझ्या वर्गातील सर्व मुले दिवाळीनंतरही वर्गात होती. मी वर्गाचा फोटो काढून संस्थेला पाठवला.

डिसेंबरमध्ये चिराग शेठने सांगितले की, पाड्यावर पाणी कमी पडते, मुलांनी गोडाऊनवर येऊन धुवावे. गोडाऊन औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूस, नाल्याला लागून आहे. मी एकदा पाहायला गेले. पत्र्याची शेड, आत निळी पिंपे छतापर्यंत रचलेली होती. मुले पिंपात अर्धी आत वाकून ब्रशने तळ घासत होती. धुतलेले पाणी नाल्याकडे जात होते. त्या वाटेवरचे गवत पिवळे पडले होते. मी ते दाखवले असता चिराग शेठ म्हणाला, "साबणानं होतं." मोठी माणसे असताना मुले का धुतात, असे विचारले. तो म्हणाला, "त्यांचा हात तळाला पोचतो. मोठ्या माणसाचे खांदे अडकतात." जिव्या तेथेच उभे होते.

जानेवारीच्या सुरुवातीला मंगळीच्या तळहाताची साल निघालेली मी पाहिली. तिने हात मागे घेतला. दीपिका वर्गात बसल्या बसल्या झोपू लागली. तिची आई लाडकी मला रस्त्यात भेटली व म्हणाली, "बाय, पोरगी जेवत नाय. डोकं दुखतं सांगते. पण काम सोडू नको सांगते, मंगळी एकटी पडंल." मी चिराग शेठला फोन करून धुणे थांबवायला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी उद्या बंद करतो. तुम्ही फक्त पाड्यावर जाऊन सांगा, की परवापासून भट्टीवर चला. तुमच्या तोंडाने सांगा." मी पाड्यावर गेले नाही. त्याने मुलांना रबरी हातमोजे दिल्याचे नंतर कळले. ते मोठ्या माणसांच्या मापाचे होते.

दिनांक १८ जानेवारी, रविवार रोजी मी केळव्याला सासूबाईंना मदत करत होते. दुपारी एकच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला. मंगळी बोलत होती. ती म्हणाली, "मॅडम, दीपिका पिंपात व्हती." मी म्हणाले, "बाहेर काढ तिला." ती म्हणाली, "काढली. उठत नाय." आजूबाजूला मोठे कोण आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, "कोण नाय. बाबा जेवाया गेला. गेट भायेरून बंद हाय. शेठ लावून जातो, पोरा भटकतात म्हणून." फोन शेडमध्ये विसरलेला कोणाचा तरी होता. मी जिव्या यांना फोन लावत रिक्षाने निघाले, तो वाटेत बऱ्याच उशिरा लागला.

मी पोहोचले तेव्हा जिव्या व शेजारच्या कारखान्यातील दोन कामगारांनी पहारीने कुलूप नुकतेच तोडले होते. दीपिका जमिनीवर होती. तिचे केस ओले होते व त्यांना तोच गोडसर वास येत होता. मंगळी तिच्या तोंडावर पाणी मारत होती. इतर मुले भिंतीला टेकून बसली होती, त्यातले एक ओकत होते. दीपिका पाय वर करून पिंपात डोके खाली गेलेल्या अवस्थेत सापडली, मंगळीने तिला पायांना धरून ओढले, असे मुलांनी सांगितले. आम्ही तिला रिक्षातून दवाखान्यात नेले. तेथून पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवले. ती अद्याप यंत्राच्या श्वासावर आहे. डॉक्टरांनी पिंपात काय होते असे विचारले. मी सरबताचा इसेन्स असे सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले नाही.

चिराग शेठचा फोन त्या दिवसापासून बंद आहे. सोमवारी सकाळी मी व जिव्या गोडाऊनवर गेलो. शेड रिकामी होती. जमीन धुतलेली होती व अजून ओली होती. शेजारच्या कारखान्याच्या वॉचमनने पहाटे ट्रक पाहिल्याचे सांगितले. जिव्या आत जाऊन सगळे पाहून आले. मग म्हणाले, "मुकादमाला आता काय सांगू?"

त्यानंतर आम्ही विकलेली पिंपे परत घ्यायला बोईसरला गेलो. मी मंगळीला येऊ नको म्हटले होते. ती म्हणाली, "मलाच खोल्या माहीत हाय." ती पुढे व मी मागे, असे दोन दिवस फिरलो. बहुतेक लोकांनी पिंपे दिली. काहींनी शिव्या दिल्या. एकाने पिंप कपड्यांसाठी ठेवले होते. काही खोल्यांना कुलूप होते व भाडेकरू कोठे गेले ते घरमालकाला सांगता आले नाही. ती पिंपे अजून कोणाच्या तरी घरात आहेत.

दिनांक २१ जानेवारी रोजी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही सुगंधा नावाच्या महिलेच्या खोलीवर गेलो. तिचे पती बोईसरला कारखान्यात आहेत, मूळ गाव जळगावकडील. पिंप दारात विटांवर ठेवलेले होते, वर स्वच्छ फडके बांधलेले होते. पिंप खराब आहे, पाणी पिऊ नका, पैसे परत देते, असे मी सांगितले. ती हसून म्हणाली, "ताई, तुमचा काहीतरी घोळ झाला. दुसऱ्याचं असंल. याचं पाणी तर गोड लागतं. माझी चिमी आधी पाणीच पीत नव्हती, मागे लागावं लागायचं. आता स्वतः गडवा घेऊन जाते." चिमी ही तिची मुलगी, वय तीन वर्षे.

मी चिमी कोठे आहे असे विचारले. सुगंधा म्हणाली, "झोपलीय. कालपासून नुसती झोपतेय. थंडीमुळं असंल." मंगळी चप्पल न काढता आत गेली व मुलीजवळ बसली. तिने मुलीला हाक मारली, मग गालाला हात लावला, मग मांडीवर घेतले. मुलगी डोळे उघडत होती, पण आमच्याकडे पाहत नव्हती. मंगळी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मॅडम, दीपिकाचं असंच व्हतं."

सुगंधाला तेव्हा कळले. ती ओरडली नाही. तिने आधी दारातल्या पिंपाचे फडके नीट बांधले, कोणी पाणी घेऊ नये म्हणून, आणि मग मुलीला उचलले. चिमीला त्याच दिवशी दाखल केले आहे. मुलीच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला आहे, किती ते आज सांगता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ते पिंप पाण्यासह तसेच ठेवले होते, ते आपल्या ताब्यात दिले आहे.

मंगळी आज माझ्याबरोबर आली आहे व बाहेर बाकावर बसली आहे. कुलूप लावलेल्या खोल्या कोणत्या, ते तिला तोंडपाठ आहे. त्या तिला विचारून घ्याव्यात व ती माणसे शोधावीत, अशी माझी विनंती आहे. तिचे आईवडील उद्या भट्टीवर निघणार आहेत. ती त्यांच्याबरोबर जाणार आहे. तिला विचारायचे असेल तर आजच विचारावे.

हा जबाब मी मराठीत सांगितला, तो संगणकावर लिहून घेऊन मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. त्यात एके ठिकाणी "मुलांनी विकलेली पिंपे" असे आले होते. ते मी दुरुस्त करायला सांगितले. ती आम्ही विकली. तशी दुरुस्ती केल्यावर पुन्हा वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे, म्हणून सही करते.

सही
रूपाली प्रफुल्ल सावे